पाळ शाबूत, तळ भरलेला

फेब्रुवारीतली दुपार होती. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या एका मामा तलावाच्या पाळीवर मी उभा होतो. पाणी काठोकाठ नव्हते, पण बरेच होते. वाऱ्याने हलत होते आणि त्यावर पाणकोंबड्या फिरत होत्या. मी म्हणालो, यंदा तलाव चांगला भरलेला दिसतो. डोंग्यात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या ढिवरबाबांनी काही न बोलता हातातला बांबू पाण्यात सरळ खाली सोडला. कमरेएवढे पाणी संपल्यावर बांबू टेकायला हवा होता, पण तो टेकला नाही. आणखी दोन-अडीच हात तसाच आत गेला. त्यांनी तो ओढून वर काढला आणि माझ्यासमोर धरला. वरचा भाग कोरडा, मधला ओला आणि खालचा काळ्या, चिकट, कुजका वास येणाऱ्या गाळाने माखलेला. "पानी दिसते भाऊ," ते म्हणाले, "पन खोल नाई राह्यला."

या पुस्तकाची सुरुवात त्या बांबूपासून झाली. आमच्या घरगुती प्रार्थनासभेत त्या वर्षी मी प्रकटीकरणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायांतली सात मंडळ्यांना लिहिलेली पत्रे घेऊन बसलो होतो, आणि पहिल्याच पत्रापाशी अडलो होतो. इफिसच्या मंडळीचा दोष नेमका काय, ते मला लोकांना सांगता येत नव्हते. तलावावरून परतताना ते थोडे उमगले. पुढची सात प्रकरणे त्यातून आली. प्रस्तावनेत मला एवढेच करायचे आहे की, ज्या धोक्याबद्दल हे पुस्तक आहे तो वाचकासमोर नीट ठेवावा. कारण हा धोका अंगावर धावून येत नाही, आणि आला तरी तो धोका आहे असे वाटत नाही.

गोंदिया जिल्हा तलावांचा. 1999 साली भंडाऱ्यातून वेगळा निघाला तेव्हा वारशात धान आणि तलाव दोन्ही घेऊन निघाला. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खपून हे तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. डोंगरांच्या मधली जागा हेरायची, पाळ घालायची, पावसाचे पाणी अडवायचे आणि खालच्या बांध्यांना पुरवायचे, ही त्यांची विद्या. 1951 साली मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपली, तलाव सरकारकडे गेले आणि लोक त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव म्हणू लागले. पाळी मोडल्या नाहीत. पाणीही दर पावसाळ्यात येतच राहिले. पण आपले म्हणून उन्हाळ्यात गाळ काढायला उतरणारे हात कमी झाले. दर वर्षी थोडी माती वाहून आली आणि तळाशी बसली. एका वर्षात बसलेली माती कुणालाच दिसत नाही. पन्नास वर्षांनी बांबू बुडवला की दिसते.

ख्रिस्ती जीवनातल्या आत्मसंतुष्टतेबद्दल मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. पाप म्हटले की आपल्याला पाळ फुटलेली दिसते: व्यसन, व्यभिचार, पैशाची अफरातफर, मंडळीतली कोर्टकचेरी. त्याने आरडाओरड होते, माणसे धावतात, पाळक घरी येतात, उपास-प्रार्थना होतात. गाळ बसताना आवाज होत नाही. त्या घरी पाळक येतात ते जेवायला.

इफिसचेच पाहा. पौलाने तिथे तीन वर्षे काढली. जादूटोण्याची पुस्तके लोकांनी चव्हाट्यावर आणून जाळली, त्यांची किंमत 50,000 रुप्याची नाणी भरली, असे प्रेषितांच्या कृत्यांत नोंदलेले आहे. अशा पेटलेल्या सुरुवातीची ही मंडळी. पुढच्या पिढीत पात्म बेटावरून योहानामार्फत तिला पत्र आले, तेव्हा त्यात तिच्या श्रमांचे कौतुक आहे, धीराचे आहे, खोट्या प्रेषितांना पारखून लबाड ठरवल्याचे आहे. आपल्याकडच्या कुठल्याही मंडळीला असा अहवाल मिळाला तर ती तो चौकटीत लावून भिंतीवर टांगेल. आणि त्यानंतर एकच तक्रार आहे: सुरुवातीची प्रीती सुटली. सगळे चालू आहे. ज्याच्यासाठी चालू होते तो मात्र बाजूला राहिला आहे.

इफिस त्या काळी मोठे बंदर होते. कायस्टर नदी दर वर्षी गाळ आणत होती, बंदर पुन्हा पुन्हा उपसावे लागत होते, आणि शेवटी उपसणे हरले. आज तुर्कस्तानात त्या शहराचे संगमरवरी रस्ते आणि मोठे नाट्यगृह पाहता येते, पण समुद्र तिथून काही किलोमीटर दूर गेला आहे. त्या बंदराचा घात शत्रूने केला नाही, त्याच्याच नदीने आणलेल्या मातीने केला. दीपस्तंभ जागेवरून हलवला जाईल, अशी ताकीद त्या पत्रात आहे. ती ज्या लोकांनी पहिल्यांदा ऐकली त्यांच्या डोळ्यांसमोर हे बंदर होते.

लावदिकीयाची गोष्ट आपल्याला अधिक तोंडपाठ आहे, कारण "कोमट" हा शब्द तिथला. हे सधन शहर इसवी सन 60 मध्ये भूकंपाने कोसळले आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने पुन्हा उभे राहिले. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने ते नोंदवून ठेवले आहे. ज्या शहराने सम्राटापुढेही हात पसरला नाही, तिथल्या मंडळीला आपल्याला कशाचीच गरज नाही असे वाटू लागले तर नवल नाही. पलीकडे हियरापलिसला ऊन पाण्याचे झरे, अलीकडे कलस्सैला गार पाणी. लावदिकीयाला मात्र पाणी दुरून नळांनी आणावे लागे. ते पोचेपर्यंत ना ऊन उरे ना गार, असे अनेक अभ्यासक सांगतात. त्या दगडी नळांचे तुकडे आजही तिथे पडलेले आहेत आणि त्यांच्या आत चुन्याचा जाड थर धरलेला आहे. आमच्या तलावाबद्दल ढिवरबाबांनी जे पुढे सांगितले ते मला इथे आठवते: पाणी उथळ झाले की लवकर तापते. खोल तलावाचे पाणी चैत्रातही खाली गार राहते, तिथे मासा टिकतो. उथळ पाणी सकाळी दहालाच कोमट होते. कोमटपणा हा आधी खोलीचा प्रश्न आहे, उष्णतेचा नंतर. म्हणून मोठ्या आवाजातल्या सभा, रात्रभराचे गायन, डोळ्यांत पाणी आणणारे प्रवचन याने काही काळ पाणी ढवळते, पण खोल होत नाही. मी अशा सभांच्या विरोधात नाही. मीही त्यात रडलो आहे. पण सोमवारी बांबू तेवढाच आत गेला.

समाधान आणि आत्मसंतुष्टता यांत फरक करायला हवा, नाहीतर हे पुस्तक भित्र्या मनांना उगीच छळेल. पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितो की, आहे त्या स्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे. त्याच पत्रात, एकच अध्याय आधी, तो म्हणतो की मी अजून पोचलेलो नाही, मागचे विसरून धावतो आहे. भाकरीच्या बाबतीत तृप्त आणि ख्रिस्ताच्या बाबतीत भुकेला, असा तो माणूस होता. आपले बहुधा उलटे असते. पगार, प्लॉट, मुलाचे पॅकेज, या बाबतीत आपण कधी तृप्त नसतो, आणि देवाच्या बाबतीत मात्र जे आहे ते पुरे वाटते. धानाच्या या जिल्ह्यात लूकच्या बाराव्या अध्यायातला तो श्रीमंत शेतकरी समजावून सांगावा लागत नाही. पीक चांगले आले, जुनी कोठारे पाडून मोठी बांधू आणि मग जीवाला सांगू, आता निवांत खा-पी. त्याने चोरी केली नव्हती, कुणाला लुबाडल्याचा उल्लेख नाही. तो फक्त स्वतःशीच बोलत होता, त्याच्या बोलण्यात दुसरे कुणी नव्हते. मूर्ख हा शब्द त्याला देवाने वापरला.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला या विषयावर दूर जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. नंतर अमेरिकेचा दौरा केला, पुस्तक लिहिले, 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले. जग त्यांना मोठी ख्रिस्ती बाई म्हणत होते. आणि 1907 साली आपल्या साक्षीच्या पुस्तिकेत त्यांनी लिहिले की, त्या वर्षांत मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना ते उमगले. त्यात त्यांना ज्या पुस्तकांची मदत झाली त्यांतले एक हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे होते. हा उपदेशक स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःचेच प्रवचन करताना पालटला. मला ही हकीकत फार जवळची वाटते, कारण मीही अनेक वर्षे वचन सांगणाऱ्यांत आहे. सांगणाऱ्याच्या तळाशी गाळ लवकर साठतो. वचन हातात येते ते दुसऱ्यांना वाढण्यासाठी. आपल्या ताटात घ्यायचे राहून जाते. रमाबाई त्या उमजीनंतर थांबल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात त्या आपल्या या मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो भुकेल्या मुली-बायांना घेऊन गेल्या. अखेरच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या मराठीत बायबल उतरवले.

दुसरे नाव नारायण वामन टिळकांचे, आणि त्यांचा तर आमच्या जिल्ह्याशी एक धागा आहे. 1893 च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला जात होते. ती गाडी तेव्हाही आमच्या तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा या पट्ट्यातूनच जाई. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड हे मिशनरी भेटले, बोलणे झाले आणि त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार दिला. टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले आणि तिथून पुढे त्यांना ते पुस्तक सोडवले नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत त्यांनी रोख मोजली: घर तुटले, बायको-मूल दुरावले. लक्ष्मीबाई आपल्या पायांनी, आपल्या वेळेने आल्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली झाला.

ही सुरुवातीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला वाचकाला थांबवायचे आहे ते 1917 पाशी. तोवर टिळकांना मिशनच्या कामात वीसहून अधिक वर्षे झाली होती. 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकातून त्यांचे लेखन घरोघर जात होते, त्यांची गीते मराठी मंडळ्यांच्या ओठांवर होती, कवी म्हणून हिंदू-ख्रिस्ती दोघेही मान देत होते. वय 55 च्या पुढे, प्रकृती यथातथा. निवांत बसायला याहून चांगले वय आणि चांगले निमित्त नसते. त्या वर्षी त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूचे होऊ पाहणारे सगळे त्यात यावेत, ही त्यांची आस होती. पगाराची भिंत आपल्या आणि आपल्या लोकांच्या मध्ये उभी आहे, हे त्यांना सलत होते. दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी, ते गेले आणि दरबार फार उभा राहिला नाही. हिशेबाने पाहिले तर तो प्रयत्न फसला म्हणावे लागेल. माझ्या लेखी त्यांच्या साऱ्या आयुष्यात बाप्तिस्म्याच्या खालोखाल मोठी गोष्ट तीच. बाप्तिस्मा घेताना माणूस अंधार सोडतो. 1917 साली टिळकांनी चांगले चाललेले सोडले. त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी म्हातारपणी त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' हाती घेतले आणि पुरे केले.

आता आमच्याकडे. जिल्ह्याच्या तेरा लाखांवर लोकवस्तीत आमचा वाटा एक टक्क्याचाही नाही. कुणी रेल्वेच्या नोकरीने आलेल्या घरातले, कुणाचे आजोबा भंडाऱ्याच्या स्कॉटिश मिशनच्या आधाराने वाढलेले, कुणी शाळा-दवाखान्याच्या कामाने आलेले. मराठी, हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू, मलयाळम असे सगळे एका छताखाली. आमच्यातले बहुतेक तिसऱ्या-चौथ्या पिढीचे. आम्ही दुसऱ्यांनी खोदलेल्या तलावाचे पाणी पितो. त्यात लाज नाही. तलाव त्यासाठीच असतात. पण ज्याने खोदला त्याला तळ किती खोल होता ते ठाऊक होते. आम्हाला फक्त पाणी ठाऊक आहे. थोडे आहोत म्हणून आम्ही आपोआप खरे आहोत, अशीही एक समजूत आमच्यात हळूच येऊन बसली आहे. सात मंडळ्यांपैकी ज्या दोघींना एकही दोष लावलेला नाही त्या स्मुर्णा आणि फिलदेल्फिया, एक गरीब आणि एक दुबळी. पण त्यांच्या गरिबीला आणि दुबळेपणाला शाबासकी नव्हती. त्या अवस्थेतही त्या धरून राहिल्या, याला होती.

गाळ कुठे बसला आहे ते मला दिसते तसे सांगतो. रविवारी सकाळी उपासनेला जाताना मी गोंदिया स्टेशनवरून जातो. फलाटावर बाहेरगावी मजुरीला निघालेली कुटुंबे बोचक्यांवर डोके टेकून झोपलेली असतात. पहिल्या काही वर्षांत मी थांबत असे, कुणाला पाणी, कुणाला चहा, कुणाच्या तापलेल्या लेकराची चौकशी. पुढे मंडळीचा कारभारी झालो, वेळेत पोचून वेदीची तयारी पाहायची असे, आणि थांबणे सुटले. मला ते सुटल्याचे कळलेही नाही. एका रविवारी चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर मीच बोलणार होतो, आणि त्या सकाळीही मी त्या फलाटावरून घड्याळ पाहत गेलो. याजक आणि लेवी दोघे कुठे निघाले होते, याचा विचार मी प्रवचनात मांडला होता; ते माझ्याविषयी आहे हे घरी आल्यावर रात्री लक्षात आले.

दुसरी जागा अधिक अवघड आहे आणि ती झाकून मला हे पुस्तक लोकांच्या हाती देता येणार नाही. प्रभुभोजनाच्या एका प्याल्यातून आम्ही घेतो आणि सोयरीक ठरवताना पणजोबांची जात विचारतो. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या मनातला विटाळ कसा टप्प्याटप्प्याने गेला ते काही न लपवता लिहून ठेवले आहे. शंभर वर्षांपूर्वी एका ब्राह्मण घरातल्या, शाळेत न गेलेल्या बाईने जे काढून टाकले ते आम्ही जपून ठेवले आहे, आणि आम्हाला त्याचे काहीच वाटत नाही. काहीच न वाटणे हीच या रोगाची खूण. आपल्या पूर्व विदर्भातल्या सिकलसेल या रक्तदोषासारखे ते आहे: वाहक हसत-खेळत हिंडतो, त्याला काही होत नाही, आणि दुखणे उगवते ते लेकरात. आमची तरुण मुले उपासनेला येत नाहीत म्हणून आम्ही मोबाईलला दोष देतो. मुलांनी बांबू बुडवून पाहिला आहे, असे मला वाटते.

मग करायचे काय? इफिसला जे सांगितले आहे त्यात नवीन काही नाही: कुठून खाली आलो ते आठवायचे, वळायचे, आणि सुरुवातीला जे करत होतो ते पुन्हा करायला लागायचे. आधी मनात प्रेम भरून येऊ दे, मग करू, असे तिथे म्हटलेले नाही. फलाटावर पुन्हा थांबायला लागायचे. एकट्याने, दार लावून, कुणाला ऐकू न जाणारी प्रार्थना पुन्हा करायला लागायची. ज्याच्याशी बोलणे टाकले आहे त्याच्या दारी जायचे. आणि एक गोष्ट तलावाने शिकवली: काढलेला गाळ फुकट जात नाही. 2017 साली सरकारने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू केली. तलावातला गाळ ट्रॅक्टरने शेतात नेऊन पसरतात. जो तलावाला गुदमरवत होता तोच बांधीत पडला की धानाला पोसतो. ज्या दोषाची कबुली दिली त्या दोषातून दुसऱ्याला समजून घेण्याची माया येते, असा माझा अनुभव आहे. म्हणूनच वर फलाटाची गोष्ट लिहिली.

पुढच्या प्रकरणांत दर पत्राचा अर्थ, त्या शहराची थोडी माहिती आणि शेवटी काही प्रश्न आहेत. प्रश्नांची उत्तरे पुस्तकात नाहीत, ती वहीत लिहावीत. हे पुस्तक उपवासकाळासाठी आहे का, असे हस्तलिखित वाचलेल्या काही जणांनी विचारले. नाही. उपवासकाळात आपण सावध असतोच. पुनरुत्थानाच्या सणाचे गोड खाऊन झाले, नवे कपडे धुऊन कपाटात गेले, की सोमवारपासून गाळ बसायला लागतो. म्हणून हे पुस्तक त्या सोमवारी उघडा. तिथून पेंटेकॉस्टच्या दिवसापर्यंत सात आठवडे असतात. आठवड्याला एक पत्र घ्या, एकट्याने नको, घरातल्या मुलांना बरोबर घेऊन बसा आणि त्यांना आधी बोलू द्या. आपल्याकडे तेच एप्रिल-मेचे दिवस असतात. तलाव आटलेले असतात, तळ उघडा असतो, आणि गाळ काढायला तेवढाच वेळ मिळतो. जूनमध्ये पऱ्हे टाकायची घाई सुरू होते.